२४ सप्टेंबरचे पुणे : एका तारखेतून शहराचा इतिहास कसा मांडावा

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या फलकावर रोज सकाळी खडूने लिहिला जाणारा दिनविशेष बहुधा साऱ्या जगाचा असतो आणि ज्या गल्लीत तो फलक टांगलेला असतो, त्या गल्लीचा क्वचितच असतो. २४ सप्टेंबर ही तारीख घेतली तर राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ (१९६९), ट्वेंटी-२० विश्वचषकातील विजय (२००७) आणि मंगळयानाचा मंगळाच्या कक्षेतील प्रवेश (२०१४) या नोंदी हमखास लिहिल्या जातात. त्यांपैकी एकही घटना पुण्यात घडलेली नाही. याच तारखेला पुण्यात १८७३ साली जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. एकाच शहरात, एकाच तारखेला, ५९ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना शेजारी शेजारी लिहिल्या की फलकापुढे थांबणारा माणूस थोडा अधिक वेळ थांबतो, असा माझा अनुभव आहे.

एका तारखेचा असा स्थानिक इतिहास कसा जमवावा, याची कृती पुढे दिली आहे. उदाहरण पुण्याचे असले तरी रीत नाशिक, कोल्हापूर किंवा मडगाव यांनाही लागू पडेल. यातला बहुतेक वेळ घटना शोधण्यात जात नाही. ती घटना खरोखर त्याच तारखेची आहे का आणि खरोखर त्याच शहराची आहे का, हे ठरवण्यातच तो जातो, हे आधीच लक्षात ठेवावे.

आधी हद्द ठरवावी

वहीच्या पहिल्या पानावर शहर म्हणजे काय याची व्याख्या लिहावी आणि मग ती मध्येच बदलू नये. पुण्याच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पेठांचे जुने पुणे, १८१७ नंतर वसलेला लष्कर भाग आणि खडकीची छावणी यांचा कारभार वेगवेगळा होता. पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली, तोवर नदीपलीकडचे येरवडे हे शहराबाहेरचेच गाव गणले जाई. पुढे २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पालिकेच्या हद्दीत आली. घटनेच्या वेळची हद्द काटेकोरपणे धरली तर पुणे करार पुण्याच्या यादीतून गळतो, जे हास्यास्पद ठरेल. आजची हद्द धरली तर शिवकाळातल्या कितीतरी स्वतंत्र गावांच्या घटना शहराच्या खात्यावर जमा होतात.

मी आजची हद्द धरतो, मात्र घटनेच्या वेळी ते ठिकाण गाव होते, छावणी होती की पेठ होती, हे नोंदीतच सांगतो. पिंपरी-चिंचवड हे स्वतंत्र शहर असल्यामुळे त्याची वही वेगळी ठेवावी. पुण्याच्या माणसाने दुसरीकडे केलेले काम यादीत घेऊ नये, हा नियम जड जातो, पण पाळावा लागतो. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात झाले. पुण्याच्या पानावर ते घ्यायचे असेल तर त्या दिवशी पुण्यात काय घडले, याची नोंद शोधावी आणि तीच लिहावी.

रकाने आखणे

वही असो वा संगणकावरचा तक्ता, सहा रकाने पुरेसे आहेत : मूळ कागदात दिसते तशी तारीख, इंग्रजी तारीख, वार, ठिकाण, घटना आणि आधार. पहिला आणि दुसरा रकाना कधीही एक करू नये. मूळ कागदात तिथी असेल तर तिथीच उतरून घ्यावी आणि रूपांतर शेजारी लिहावे, म्हणजे पुढे रूपांतरात चूक निघाली तरी मूळ नोंद हाताशी राहते. आधाराच्या रकान्यात केवळ 'केसरी' असे लिहिण्यात अर्थ नाही. अंकाची तारीख, पान आणि स्तंभ लिहावा, कारण सहा महिन्यांनी तोच अंक पुन्हा काढायची वेळ आपल्यावरच येते.

कुठे शोधावे

प्रथम छापील आणि सहज मिळणारी साधने चाळावीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्यावर आहे, तो १८८५ साली तीन भागांत निघाला. त्यात नेमक्या तारखा कमी आणि वर्षे जास्त सापडतात, त्यामुळे तो तारखेसाठी न वाचता ठिकाणांची जुनी नावे, पेठांची रचना, बाजार आणि पाणीपुरवठा समजून घेण्यासाठी वाचावा.

तारखांसाठी वर्तमानपत्रांना पर्याय नाही. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून, 'केसरी' १८८१ पासून आणि 'सकाळ' १९३२ पासून मिळते. जुने अंक वाचताना साप्ताहिकाची चाल ओळखावी लागते. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी निघाला आणि मंगळवार हा त्याचा ठरलेला वार होता. त्यामुळे २४ सप्टेंबरची बातमी त्या तारखेच्या अंकात शोधणे ही नवख्याची चूक होय. २४ सप्टेंबर १९३२ रोजी शनिवार होता, म्हणून त्यानंतरचा मंगळवार, म्हणजे २७ सप्टेंबरचा अंक काढावा. दैनिक असेल तर दुसऱ्या दिवशीचा आणि साप्ताहिक असेल तर पुढच्या आठ दिवसांतला अंक पाहायचा, हे सूत्र धरावे. बातमीत 'गेल्या बुधवारी' किंवा 'परवा रात्री' असे शब्द असतात, ते तसेच उतरून घेऊन मग अंकाच्या तारखेवरून मागे मोजावे.

अठराव्या शतकासाठी पेशवे दफ्तराकडे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांकडे वळावे लागते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागद ४५ भागांत छापले गेले, तेवढे वाचायला मोडी येण्याची गरज नाही. त्यापलीकडे जायचे तर मोडी शिकावी लागेल. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर या दोन संस्थांमध्ये जाताना आपल्याला नेमके काय हवे आहे, ते एका कागदावर लिहून न्यावे. 'जुने काहीतरी पुण्याबद्दल' असे सांगून गेलेला वाचक रिकाम्या हाताने परततो आणि दोष ग्रंथपालाला देतो.

तारखेचे रूपांतर

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून येथे थोडे रेंगाळावे लागेल.

काही वर्षांपूर्वी मी एका वाचनालयाच्या फलकासाठी १० जानेवारीचा मजकूर करत होतो. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, असे सर्वत्र छापलेले आहे. वार तपासावा म्हणून मी फोनमधल्या कॅलेंडरमध्ये ती तारीख काढली, तर मंगळवार दिसला. तारीखच चुकीची असणार असे समजून मी ती नोंद गाळली. दुसऱ्या दिवशी फलक वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी हे कारण सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "पायाभरणी मंगळवारी झाली असेल, तर मग वाड्याला शनिवारचं नाव कशाला?"

तारीख बरोबर होती, कॅलेंडर चुकीचे होते. इंग्रजांनी १७५२ सालापर्यंत जुने, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर वापरले आणि मराठ्यांच्या इतिहासातील त्यापूर्वीच्या तारखा अभ्यासक सामान्यतः त्याच पद्धतीने देतात. फोन मात्र आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर तसेच मागे खेचत नेतो. जुन्या पद्धतीने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारच येतो. नव्या पद्धतीत त्याच दिवसाची तारीख २१ जानेवारी होते आणि तीही शनिवारीच पडते. वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ ही तारीख याच रीतीने तपासली, तर तिथेही शनिवार मिळतो. वार हा तारखेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, हे मी तेव्हा शिकलो.

दोन कॅलेंडरांतला फरक १५८२ पासून फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवसांचा आणि त्यानंतर १७५२ पर्यंत ११ दिवसांचा धरावा. पोर्तुगीजांनी नवे कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारले होते. त्यामुळे गोव्यातून निघालेले पोर्तुगीज पत्र आणि त्याच दिवशी मुंबईहून निघालेले इंग्रज पत्र यांवर वेगवेगळ्या तारखा दिसतात आणि बेसावध अभ्यासक एकाच घटनेच्या दोन घटना करून बसतो. इंग्रजी कागदांत १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी १७३० मधल्या कागदावर १७२९ असा आकडा असू शकतो. सप्टेंबर महिन्यावर काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : इंग्रजी पद्धतीत २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, म्हणून त्या वर्षाच्या ३ ते १३ सप्टेंबर या तारखांची इंग्रजी नोंद कुणी दाखवली, तर ती निःसंकोच बाजूला ठेवावी.

मराठी कागदांत बहुधा शक, तिथी, शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक वर्षगणना) आणि चंद्र अशी तारीख असते. सुदैवाने सप्टेंबर हा या हिशेबासाठी सोयीचा महिना आहे. शकाचे वर्ष चैत्रात बदलते, त्यामुळे सप्टेंबरमधल्या तारखेला शकात नेहमी ७८ मिळवावे. शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून त्यात सप्टेंबरसाठी नेहमी ५९९ मिळवावे. जानेवारी ते मृग या काळातील तारखांना मात्र ६०० मिळवावे लागतात आणि वर्षाची चूक तिथेच होते. शुहूर सन अरबी संख्यानामांत लिहिलेला असतो. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. त्यात ५९९ मिळवले की १७७३ हे साल मिळते. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, ते हेच साल. 'छ' या अक्षरापुढचा आकडा हा चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्यातल्या दिवसाचा असतो, त्याला तिथी समजू नये.

एवढे करून झाल्यावर मोडकांची किंवा दुसरी एखादी विश्वसनीय जंत्री (तिथी आणि तारखा जुळवून दिलेल्या तक्त्यांचे पुस्तक) उघडून तिथी, चंद्र आणि वार हे तिन्ही एकाच दिवशी येतात का, ते पाहावे. तिन्ही जुळले तर नोंद पक्की समजावी. दोन जुळले आणि तिसरे एका दिवसाने चुकले, तर तिथीची वृद्धी किंवा क्षय आणि चंद्रदर्शन ही कारणे असू शकतात, अशी नोंद शेऱ्यासह ठेवावी. एकच जुळले तर ती नोंद फलकावर जाता कामा नये.

मध्यरात्र

पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि घड्याळाचा मध्यरात्री. लाल महालात शायिस्तेखानावर शिवाजी महाराजांनी घातलेला छापा ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा म्हणून ओळखला जातो. रात्रीच्या अशा घटनांना संध्याकाळी जी तारीख होती तीच द्यावी आणि नोंदीत 'रात्री' हा शब्द न विसरता घालावा. गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री केलेल्या हल्ल्यालाही हाच नियम लावावा. या घटनेत आणखी एक सापळा आहे. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, पण प्लेग अधिकारी रँड ३ जुलैला मरण पावला. 'रँडचा मृत्यू, २२ जून' असे लिहिलेले फलक मी अनेकदा पाहिले आहेत. हल्ला, मृत्यू, खटला आणि शिक्षा यांची चार वेगळी पाने होतात, ती एकात कोंबू नयेत.

एका घटनेतला एकच दिवस

पुणे करार हे याचे उत्तम उदाहरण आहे. दलित वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ देणारा ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचा जातीय निवाडा १६ ऑगस्ट १९३२ रोजी जाहीर झाला, गांधीजींचे उपोषण २० सप्टेंबरला सुरू झाले, करारावर येरवड्यात २४ तारखेला सह्या झाल्या, मुंबईत २५ तारखेला आणखी काही सह्या जोडल्या गेल्या, ब्रिटिश सरकारची मान्यता २६ तारखेला आली आणि त्याच दिवशी उपोषण सुटले. २४ सप्टेंबरच्या पानावर यातली फक्त येरवड्यातील सह्यांची गोष्ट बसते. बाकीचे संदर्भापुरते अर्ध्या वाक्यात यावे.

त्याच वेळी मूळ दस्तऐवज उघडून पाहावा, कारण प्रसिद्ध घटनांविषयी आपण ऐकीव माहितीच पुढे ढकलत असतो. 'गांधी आणि आंबेडकर यांनी करारावर सह्या केल्या' असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात करारावर गांधीजींची सही नाही. डॉ. आंबेडकर, मदन मोहन मालवीय, तेज बहादूर सप्रू, मु. रा. जयकर, राजगोपालाचारी, रेट्टमलै श्रीनिवासन, एम. सी. राजा आदींच्या सह्या आहेत. प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागांचा आकडाही कुठे १४७, तर कुठे १४८ असा छापलेला दिसतो. अशा वेळी कुठल्या लेखकावर विश्वास ठेवावा याचा विचार करत बसण्यापेक्षा करारातलेच आकडे कागदावर मांडावेत : मद्रास ३०, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८, बिहार व ओरिसा १८, मध्य प्रांत २०, आसाम ७, बंगाल ३०, संयुक्त प्रांत २०. बेरीज १४८ येते. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते केलेले नसते म्हणून चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते.

एकाच विहिरीचे पाणी

दहा पुस्तकांत एकच तारीख सापडली म्हणजे दहा पुरावे मिळाले, असे नव्हे, कारण ती दहाही पुस्तके अकराव्या एका पुस्तकावरून उतरलेली असू शकतात. भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेसाठी १ जानेवारी १८४८ ही तारीख रूढ आहे, तर काही अभ्यासक त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना धरतात. अशा ठिकाणी आपण न्यायाधीश होण्याचे कारण नाही. रूढ तारखेच्या पानावर नोंद घ्यावी आणि मतभेद एका वाक्यात सांगावा. फलकावर जागा नाही, ही सबब मी मान्य करत नाही. 'रूढ समजुतीनुसार' एवढे दोन शब्द कुठेही मावतात.

साधा दिवस

मोठ्या घटना हाती आल्यावर पुष्कळ जण थांबतात. शहर मात्र त्या दिवशी दूध, भाजी, पाऊस आणि नळाचे पाणी यांतही गुंतलेले असते. ज्या वर्षाची घटना घेतली, त्या वर्षाच्या वर्तमानपत्राचे शेवटचे पान आणि जाहिराती अवश्य वाचाव्यात : नाटकाचे प्रयोग, हरवले-सापडले, बाजारभाव, सभांच्या सूचना. पावसासाठी हवामान खात्याच्या नोंदी उपयोगी पडतात. हे खाते १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात.

तारीख तीच राहिली तरी सण बदलतो, ही गोष्ट पुण्यात विशेष जाणवते. २४ सप्टेंबर २०२२ रोजी पितृपक्ष चालू होता, २०२३ मध्ये त्याच तारखेला गणेशोत्सव ऐन भरात होता आणि २०२५ मध्ये नवरात्र बसून तिसरा दिवस उजाडला होता. पहिल्या वर्षी मंडई शांत असते, दुसऱ्या वर्षी लक्ष्मी रस्त्यावर चालता येत नाही आणि तिसऱ्या वर्षी चतुःशृंगीकडे रांग लागलेली असते. प्रत्येक नोंदीसोबत पंचांगातली तिथी लिहिली की तो दिवस शहरात कसा गेला असेल, याचा अंदाज बांधता येतो.

वृद्धांच्या आठवणी घेताना तारीख थेट विचारू नये. माणसे तारखेने आठवत नाहीत, सणाने, पावसाने, लग्नाने आठवतात. पुण्यात तर 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशी काळाची विभागणीच आहे. धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तो बुधवार होता. पेठेतल्या आजींना "तेव्हा तुम्ही जुन्या घरात होतात की गोखलेनगरला आला होतात?" असे विचारले, तर वर्ष आपोआप हाती लागते, कारण गोखलेनगर पूरग्रस्तांसाठी वसले. मग शाळा होती का, रविवार होता का, गणपती बसले होते का, असे करत आत शिरावे. सांगणाऱ्याने आत्मविश्वासाने तारीख सांगितलीच, तर ती उतरून घ्यावी, पण वर्तमानपत्राने दुजोरा दिल्याशिवाय तिला इंग्रजी तारखेच्या रकान्यात बसवू नये.

नोंद लिहिणे

नोंद तीस ते चाळीस शब्दांची असावी, घटनेपासून सुरू व्हावी आणि तिच्यात ठिकाण असावे. 'आजच्याच दिवशी' हा शब्दप्रयोग एकाही नोंदीत येऊ नये, कारण सगळे पानच त्या दिवसाचे आहे. नमुना असा :

'१८७३, बुधवार. जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने पुण्यात साठेक मंडळी जमली आणि सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. फुले अध्यक्ष व कोषाध्यक्ष आणि नारायणराव कडलक चिटणीस झाले. पुरोहिताविना लागलेला समाजातील पहिला विवाह त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला.'

'१९३२, शनिवार. येरवडा तुरुंगात, गांधीजींच्या उपोषणाच्या पाचव्या दिवशी, दलित वर्गाच्या प्रतिनिधित्वाविषयीच्या करारावर डॉ. आंबेडकर, मालवीय आदींनी सह्या केल्या. स्वतंत्र मतदारसंघांच्या जागी संयुक्त मतदारसंघ आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या.'

सतराव्या किंवा अठराव्या शतकातील पक्की नोंद २४ सप्टेंबरला मिळाली नाही, तर ती जागा कोरीच सोडावी. शेजारच्या २३ किंवा २५ तारखेची घटना ओढून आणू नये आणि पुण्याशी दूरचे नाते असलेली लढाईही बसवू नये. माझ्या वहीत २४ सप्टेंबरच्या पानावर पेशवाईच्या जागी आजही फक्त पेन्सिलीने मारलेली एक फुली आहे. पान फलकावर लावताना तळाशी 'शेवटची दुरुस्ती' म्हणून दिवस आणि वर्ष लिहावे, शेजारी दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवावी आणि वाचकांनी समासात लिहिलेले शेरे महिन्याच्या शेवटी वहीत उतरून घ्यावेत.